पंक्चर कुणी काढलं

ही गोष्ट माझ्याशिवाय आणखी एकाच माणसाला माहीत आहे, आणि त्या माणसानं ती कधी तोंडातून काढलेली नाही. मी तर नाहीच. आज तुम्हाला का सांगतोय, ते मलाही नीट कळलेलं नाही. आणि थेट मुद्द्यावर मला येता यायचं नाही, जरा आडवळणानं येईन.

आधी सायकलचं सांगतो. मी नागापूरला एका कारखान्यात सुपरवायझर आहे. बेचाळिसाव्या वर्षी शुगर निघाली, डॉक्टर म्हणाले हालचाल करा, म्हणून गिअरची सायकल घेतली. शहरात सायकलवाल्यांचा एक ग्रुप आहे, त्यात शिरलो. डॉक्टर, वकील, प्राध्यापक — कारखान्यातला मी एकटाच. चहाच्या टपरीवर थांबलो की त्यांचं गोल रिंगण व्हायचं आणि मी रिंगणाच्या बाहेर कप धरून उभा. मग एकदा एकाचा ब्रेक कुईकुई करत होता. मी म्हणालो, रिमला तेल लागलंय, आधी ती पुसून घ्या. आवाज गेला. त्या दिवसापासून मी त्यांचा मेकॅनिक झालो. चेन का उतरते, हवा किती भरायची, मला विचारल्याशिवाय कुणाचं पान हलेना.

पण ते तेलाचं मला कुणी सांगितलं होतं? रंजनानं.

रंजना माझी बायको. माहेर जामखेडचं. तिच्या वडिलांचं स्टँडजवळ सायकलचं दुकान होतं. चार बहिणींत ती थोरली, त्यामुळे शाळेतून आली की दप्तर टाकून पंक्चर काढायला बसायची. मी सायकल घरी आणली तेव्हा तिनं मागचं चाक उचलून नुसतं फिरवलं, कान देऊन ऐकलं आणि म्हणाली, "बरी हाय, पर जरा डुलतीय." मग दर शनिवारी गॅलरीत जुना पेपर अंथरून ती सायकल घेऊन बसायची. चेन फडक्यानं पुसायची, कडीकडीवर तेलाचा थेंब सोडायची, टायरवरून बोटं फिरवून काटे शोधायची. आणि हात चालू असताना तोंडही चालू. वडील काय म्हणायचे, कोण गिऱ्हाईक कसं भांडायचं. "ठिगळ कुनीबी लावंल, काटा टायरातच ऱ्हातो, त्यो आदी हुडकायचा," असं ते म्हणायचे म्हणे. मी खुर्चीत बसून चहा पीत ऐकायचो. रविवारी तेच ग्रुपला ऐकवायचो — माझं म्हणून.

मला स्वतःला पंक्चर काढता येत नव्हतं. अजूनही येत नाही.

इथवर तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? बायकोच्या जिवावर मोठेपणा मिरवणारा मी काही पहिला नवरा नव्हे. खरं आहे. पण मी इथंच थांबलो असतो तर आज बोलायला बसलो असतो का?

ग्रुपनं जामखेडपर्यंत जाऊन परत यायची राइड ठरवली. पूर्ण करणाऱ्याला मेडल. परतताना बाकीचे कडा गावात जेवायला, रस प्यायला थांबले, मी थांबलो नाही. मला पहिलं यायचं होतं. चिचोंडीच्या अलीकडे, घर पंचवीसेक किलोमीटरवर असताना, मागचं चाक बसलं. बाभळीचा काटा. रस्त्याला सावली नाही, दुपारचे साडेबारा. पिशवीत सगळं सामान होतं, रंजनानंच भरून दिलेलं. मी टायरशी झटलो. उचकटायची पट्टी निसटून नख फाटलं, टायर रिमवरून हलेना. पाऊण तास घालवला. मागचे आले आणि मला असं बघितलं तर? तो विचार आला आणि मी फोन लावला.

ती स्कूटी घेऊन आली. स्वयंपाक टाकून आली असणार, पदराला पीठ होतं. खाली मातीत बसली, दोन मिनिटांत ट्यूब बाहेर. हवा भरली आणि ट्यूब ओठांजवळून फिरवत नेली — बारीक हवा ओठांना लगेच कळते. भोक सापडलं. घासलं, सोल्युशन लावलं, फुंकर घातली, ठिगळ दाबून धरलं. मग टायरात आतून बोट फिरवून काट्याचं टोक काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. हसली. "ह्यो बगा, तुमचा पाव्हना."

तेवढ्यात लांबून हेल्मेटं दिसली. ग्रुपच्या प्रमुख वकीलबाई आणि एक डॉक्टर.

मी काय केलं? तिच्या हातातला पंप काढून घेतला. काढून कसला, ओढून घेतला. "तिकडं स्कूटीपाशी जाऊन उभी राहा," म्हणालो. ती उठली. आणि मग मी — हे सांगताना तोंड कडू होतंय — मी माझी दोन्ही हातांची बोटं चेनवर घासली. काळी केली. चांगली घासून घासून काळी केली. आणि पंप मारायला लागलो.

ते थांबले. वा, वा झालं. भर उन्हात एकट्यानं पंक्चर काढलं म्हणून डॉक्टरांनी फोटो काढला. वकीलबाईंची नजर स्कूटीकडे गेली. या कोण, म्हणाल्या.

आमच्या घरी त्यांच्यापैकी कुणी कधी आलेलं नव्हतं.

"इथल्याच आहेत," मी म्हणालो. "वस्तीवरच्या. मला पाणी दिलं बिचारीनं."

बिचारी हा शब्दही वापरला मी. कुणी मागितला होता?

रंजना माझ्याकडे बघत होती. मग तिनं डिकीतून बाटली काढली. माझ्यासाठी आणली होती ती.

"व्हय, वस्तीवरचीच," ती म्हणाली. "तुमाला बी देऊ का पानी? गार हाय."

तिनं त्या दोघांच्या बाटल्या भरल्या. हात मागे लपवण्याचीही सोय नव्हती तिला, दहाही बोटं काळी. डॉक्टरांना दिसली असतील का? दिसली असतील. पण चुलीशी काम करणाऱ्या बाईचे हात असेच असतात, असं वाटलं असेल. वकीलबाईंनी खिशातली खजुराची पुडी काढली. "घ्या मावशी." रंजना त्यांच्यापेक्षा सहा-सात वर्षांनी लहान असेल. तिनं पुडी दोन्ही हातांनी घेतली.

मी सायकलवर बसलो आणि त्यांच्याबरोबर निघालो. मागे वळून बघितलं नाही.

मेडल मिळालं. घरी पोचलो तर कुलूप. अंघोळ झाली, ताटाची वाट बघत बसलो — भूक लागली होती, हो, भूक लागली होती मला! — तरी तिचा पत्ता नाही. दीड तासानं आली. चेहरा उन्हानं भाजून निघालेला. मी म्हणालो, स्कूटीवर असून एवढा उशीर?

तिनं चप्पल काढली. "तुमच्या म्होरून कशी येनार? त्यांनी वळखलं असतं की."

म्हणजे आम्ही तिघं गप्पा मारत सावकाश सायकल चालवत होतो, तेवढा वेळ ती त्या माळावर उन्हात बसून होती. माझं खोटं फुटू नये म्हणून. मी तिला पाणी तरी विचारावं? विचारलं नाही. ती आत गेली आणि उरलेल्या पोळ्या लाटायला लागली.

तो फोटो ग्रुपवर आहे. काळी बोटं दाखवत हसणारा माणूस. खाली पन्नास अंगठे. त्या तोंडाकडे बघितलं की मला शिसारी येते. पण मी तो काढून टाकायला सांगितलं नाही, आणि त्याच फोटोच्या जोरावर पुढच्या महिन्यात मी वीस जणांना पंक्चर काढायचं शिबिर घेतलं. फक्त तोंडानं. हात त्यांचे, शब्द रंजनाच्या वडिलांचे.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. ती अजून शनिवारी सायकल पुसते. फक्त बोलत नाही. दुकानाच्या गोष्टी नाहीत, गिऱ्हाइकांच्या नकला नाहीत. काम झालं की पेपर गोळा करते आणि आत जाते. मी माफी मागितलेली नाही. संधी नव्हती असं नाही, दर शनिवारी होती.

गेल्या महिन्यात ग्रुपनं माझा सत्कार ठेवला. सहकुटुंब या, म्हणून निमंत्रण. मी ते टेबलावर ठेवलं होतं. आदल्या दिवसापर्यंत मी काही बोललो नाही, कारण मला माहीत होतं वकीलबाई तिथं असणार. सत्काराच्या दिवशी सकाळी माझा शर्ट इस्त्री करताना रंजना आपणहून म्हणाली, "मी न्हाई येत. गुडघा दुकतोय."

तिचा गुडघा दुखत नव्हता. तासाभरापूर्वी ती तीन जिने चढून पाण्याचा जार घेऊन आली होती.

मी म्हणालो, "बरं."

हॉलमध्ये वकीलबाईंनी शाल घातली आणि विचारलं, मिसेस नाही आल्या? माहेरी गेल्यात, मी म्हणालो. अजिबात अडखळलो नाही.