धुतलेल्या तुकड्याचा आकडा

शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात, गॅरेजांच्या रांगेतल्या एका शेडमध्ये मी प्लास्टिकच्या एका चौकोनी तुकड्याशी आठवडाभर भांडलो आहे. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. आमच्या मालकांनी वितळलेलं प्लास्टिक थरावर थर छापून वस्तू बनवणारं यंत्र आणलं होतं आणि फुजैराच्या एका बोटवाल्याला अँटेनाची झाकणं छापून द्यायचा शब्दही देऊन टाकला होता. हे प्लास्टिक मायक्रोवेव्ह लहरींना किती अडवतं ते आधी मोजून दाखवायचं होतं, आणि ते काम माझं.

मोजणी तशी सोपी. तुकडा धातूच्या चौकोनी नळीत घट्ट बसवायचा, एका टोकाने लहर सोडायची, पलीकडे किती पोचली आणि किती परत फिरली ते मोजणीयंत्रावर पाहायचं. त्यातून त्या प्लास्टिकचा एक आकडा निघतो. आमच्या प्लास्टिकचा मात्र दर खेपेला नवाच निघत होता.

"गुरुवारपर्यंत एकच आकडा दोनदा आला नाही तर छपाईचं यंत्र परत पाठवायचं, खलास," मालक म्हणाले. "आणि यंत्र गेल्यावर तुझ्या व्हिसाचं मी काय करू, तूच सांग."

छपाई सांभाळणाऱ्या बाई वसईच्या, स्वच्छतेला कडक. तुकड्याखाली छापलेला आधाराचा थर साबणाच्या कोमट पाण्यात विरघळवावा लागे. ते झालं की त्या तुकडा लख्ख पुसून, मुलगी दाखवायला आणावी तसा माझ्यापुढे आणून ठेवत. आकडा बिघडला की मी म्हणे, "बोटांचं तेल लागलं असणार. परत धुवा."

"परत? एवढ्या आंघोळी तुम्ही तरी करता का, सर?"

तरी धूत. आणि आकडा आणखी वर चढे.

बुधवारी दुपारी मी हात टेकले. मोजणीयंत्राच्या गरम पाठीवर बाई रोज डबा ऊन करायला ठेवत. त्यांनी डबा उचलला, तिथंच मी तुकडा आपटला आणि जेवायला बसलो. जेवण लांबलं, कारण व्हिसा गेल्याचं बायकोला कसं सांगायचं याची मी रंगीत तालीम घेत होतो. तालमीत बायकोची भूमिका बाईंकडे होती, आणि त्या मला घरात घ्यायलाच तयार नव्हत्या.

उठून तुकडा मोजला, तर आकडा खाली. पुन्हा शेकला, आणखी खाली. संध्याकाळी एका जागी थांबला, तो हलेना. थरांमधल्या बारीक फटींत पाणी मुरलं होतं, आणि मायक्रोवेव्हच्या मोजणीत थोडंसं पाणीही प्लास्टिकला भारी पडतं. वरून कोरड्या दिसणाऱ्या त्या तुकड्याला आम्ही दर खेपेला नव्याने पाणी पाजत होतो.

"म्हणजे माझ्या डब्याच्या जागेने तुमचा व्हिसा वाचवला," बाई म्हणाल्या.

गुरुवारी दोन्ही वेळा तोच आकडा आला. आकडा घ्यायला आलेल्या बोटवाल्याने कागद लांब धरून वाचला. "ये तो सूखे का है, भाई. मेरी बोट तो समुंदर में खड़ी रहती है. भीगने के बाद कितना?"

आठवडाभराचे ओले आकडे मी त्याच सकाळी, मोठ्या आनंदाने, फाडून टाकले होते.

मालक हसले. "आता यंत्र कुठे जातंय," ते म्हणाले. "यल्ला, चल, भिजव."