मामेसासऱ्यांची भिजत घातलेली कॉफी

जगातली निम्मी दुःखं माणसाने वस्तू उकळल्यामुळे निर्माण झाली आहेत, असं मनापासून मानणारा एकच गृहस्थ मी आजवर पाहिला आहे, आणि ते माझे मामेसासरे आहेत. दूध उकळलं की उतू जातं, पाणी उकळलं की बेचव होतं, माणूस उकळला की नाती जातात आणि कॉफी उकळली की सगळंच जातं, असा त्यांचा सिद्धांत आहे. हा सिद्धांत त्यांनी मला आमच्या पहिल्याच भेटीत ऐकवला. लग्न होऊन मी पुण्याहून नोएडाला आले, त्याच आठवड्यात ते आमच्याकडे आले. नव्या सुनेला भेटायला येताना लोक साडी आणतात, मिठाई आणतात. मामांनी पिशवीतून एक काचेची बाटली काढली, दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली आणि हळूच म्हणाले, "बेटा, हलवू नकोस." मला वाटलं, गंगाजल असावं. पण गंगाजल इतकं काळं कसं, या विचारात मी तिला नमस्कारही करून टाकला.

ती होती कोल्ड ब्रू. म्हटलं तर त्यात काहीच नाही. जाडसर दळलेली कॉफी गार पाण्यात भिजत घालायची, रात्रभर तशीच ठेवायची, सकाळी फडक्यातून गाळायची आणि वाटलं तर पाणी किंवा दूध घालून प्यायची. साबुदाणा भिजवणाऱ्या कुठल्याही घराला जमेल अशी गोष्ट. पण मामांच्या हातात पडली की साधी गोष्ट साधी राहत नाही. बाजारात मिळणारी, आइस्क्रीमचा गोळा तरंगणारी कोल्ड कॉफी आणि आपली कोल्ड ब्रू यांत कोणी गल्लत केली, तर ते त्या माणसाशी त्या दिवसापुरतं बोलणं थांबवतात. माझ्या नवऱ्याने ही गल्लत इतक्यांदा केली आहे, की मामा-भाच्याचं संभाषण वर्षाकाठी फारसं होतच नाही.

कॉफी आणायला ते गाझियाबादहून मेट्रोने थेट करोल बागेत जातात. त्यांचं बालपण तिथेच गेलं. वडील सरकारी नोकरीत दिल्लीला आले आणि तिथेच राहिले, त्यामुळे त्या गल्ल्यांतला प्रत्येक दुकानदार आपल्याला ओळखतो, असं मामांना वाटतं. कॉफी दळून देणारा मात्र त्यांना खरोखरच ओळखतो, कारण चक्की सुरू झाली की हे काउंटरवर वाकून "मोटा, भैया, और मोटा, सूजी जैसा", म्हणजे रव्याइतकी जाड, असं ओरडत राहतात. एकदा त्याने वैतागून बिया न दळताच पुडीत बांधून दिल्या. मामा त्या घेऊन घरी आले, खलबत्त्यात कुटल्या आणि पुढचा महिनाभर सगळ्यांना सांगत होते, की खरी कॉफी कुटलेलीच.

गाळण्यासाठी ते चक्का बांधायचं फडकं वापरतात. मामी गेल्यानंतर घरात श्रीखंड व्हायचं बंद झालं, पण फडकी होती. सुरुवातीच्या कॉफीला आंबटसर दह्याचा वास यायचा आणि मामा त्याला 'फळांचा सूक्ष्म गंध' म्हणायचे. नंतर बरणी बदलली, ती लोणच्याची निघाली, आणि त्या उन्हाळ्यात आम्ही मोहरीचा सूक्ष्म गंधही प्यायलो. पाण्याबद्दल तर विचारूच नका. नोएडाच्या पाण्यात कॉफी नीट उतरत नाही असं त्यांचं मत असल्याने आमच्याकडे मुक्कामाला येताना ते स्वतःचं पाणी घेऊन यायचे. यमुना बँक स्टेशनवर गाडी बदलताना एका हातात पाणी, दुसऱ्या हातात बरणी आणि खांद्यावर कपड्यांची पिशवी, असा हा प्रवास चाले. मेट्रोच्या तपासणीला एकदा तिथल्या जवानाने बरणीकडे बोट दाखवून विचारलं, "अंकल, काढ़ा है क्या?" मामांनी बरणी खाली ठेवली आणि काढा म्हणजे उकळणं, उकळणं म्हणजे नाश, इथपासून सुरुवात केली. मागची रांग जिन्यापर्यंत गेली. शेवटी जवानाने हात जोडले आणि त्यांना आत सोडलं.

त्यांच्या बोलण्याबद्दलही सांगायला हवं. मामांचं मराठी अस्खलित आहे, पण शब्दांची लिंगं मात्र त्यांनी जन्मापासून हिंदीकडे गहाण टाकलेली आहेत. त्यांच्याकडे चहा गरम 'असते', बर्फ 'वितळते' आणि पाणी गार 'होतो'. आम्हाला त्याची सवय झाली होती. आम्हीही बाहेर दिवसभर हिंदीच बोलत असल्यामुळे आमचं मराठीही काही सोवळ्यातलं राहिलं नव्हतं.

आणि मग माझे बाबा आमच्याकडे राहायला आले.

बाबा पुण्यात मराठीचे शिक्षक होते. निवृत्त झाल्यावरही त्यांच्यातला शिक्षक कधी निवृत्त झाला नाही. वर्तमानपत्र ते पेन हातात घेऊनच वाचत, आणि माझ्या लग्नाच्या पत्रिकेतल्या ऱ्हस्व-दीर्घासाठी त्यांनी छापखान्यात ठाण मांडलं होतं. आई हिवाळ्यात गेली. दुखणं असं काही नव्हतं, अचानक गेली. त्यानंतर बाबा गप्प झाले. रडले नाहीत, चिडले नाहीत, नुसते गप्प झाले. मी त्यांना नोएडाला घेऊन आले, तेव्हा ते सकाळपासून बाल्कनीत बसायचे आणि समोरच्या इमारतीकडे बघत राहायचे. काही विचारलं तर 'हो', 'नको' किंवा 'ठीक' एवढंच उत्तर. वर्तमानपत्राची घडी संध्याकाळपर्यंत मोडलेली नसे. मी ऑफिसातून फोन करायची तेव्हा पलीकडून नुसता श्वास ऐकू यायचा. डॉक्टर म्हणाले, वेळ जाऊ द्या. वेळ जात होता, आणि त्याच्याबरोबर बाबाही थोडे थोडे चालले आहेत, असं मला वाटायचं.

उन्हाळा सुरू झाला आणि एका शनिवारी मामा आले, अर्थात बरणी घेऊन. मी त्यांना दारातच हळू आवाजात सांगितलं, की बाबा फारसं बोलत नाहीत, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. मामा म्हणाले, "बिल्कुल नाही, बेटा. मला ऐकणारा माणूस फार मुश्किलीने मिळतो." आणि ते खुर्ची ओढून बाबांसमोर बसले.

तासभर ते एकटेच बोलत होते. करोल बाग झाली, खलबत्ता झाला, मेट्रोतला जवान झाला. बाबांच्या हातात त्यांनी पेला दिला होता, तो तसाच होता. मी आत पोळ्या करत होते. मामा आता सिद्धांतावर आले होते. "व्याहीजी, माझं चहाशी भांडण नाही. चहा चांगली असते. पण ती पोटात जळजळ करते. आणि या कॉफीत वरून बर्फपण घालायची नाही. पाणी गार झाला, की बस."

"चांगला," बाबा म्हणाले.

माझ्या हातातलं लाटणं थांबलं. मामांचा चेहरा उजळला. त्यांना वाटलं, कॉफीची तारीफ झाली. "अच्छा? चांगली वाटली?"

"चहा चांगला असतो," बाबा म्हणाले. आवाज बसलेला होता, पण त्यातली छडी मी ओळखली. "तो चहा. तो बर्फ. ते पाणी. आणि व्याहीजी असा शब्द मराठीत नाही."

मी दारात येऊन उभी राहिले. तव्यावरची पोळी करपत होती आणि मला तिची काही पर्वा नव्हती. बाबांनी हातातल्या पेल्यातला एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "ही फार कडू आहे," ते म्हणाले.

दुसरा कोणी असता तर हिरमुसला असता. मामा खुर्चीवरून पुढे सरकले आणि त्यांनी कळवळून विचारलं, की कडू म्हणजे नक्की कशी, कारल्यासारखी की मेथीसारखी. बाबांनी खरोखर विचार केला. कितीतरी दिवसांनी मी त्यांना विचार करताना पाहत होते. मग त्यांनी निकाल दिला, की करपलेल्या खोबऱ्यासारखी. मामांनी मान डोलावली, बरणी उचलली आणि जेवायला न थांबता गाझियाबादला परत गेले. लिफ्टची वाट पाहताना स्वतःशीच पुटपुटत होते, की जास्त भिजली, जास्त भिजली.

त्या दिवसापासून आमच्या घरात युद्ध सुरू झालं. मामा एक दिवसाआड नवी कॉफी घेऊन येत, बाबा ती नापास करत. एकदा ती पाणचट असे, एकदा तिला फडक्याचा वास असे, एकदा ती 'निबंध बरा पण विषय सोडून' अशी असे. मध्येमध्ये व्याकरण चाले. मामा चुकले की बाबा खुर्चीच्या हातावर टकटक करत, मामा दुरुस्त करून पुन्हा म्हणत आणि पुढच्याच वाक्यात पुन्हा चुकत. बाबा खरोखर संतापत. "साठ वर्षं मराठी बोलता आणि बर्फाला बाई करता," असं ते एकदा म्हणाले, तेव्हा माझ्या नवऱ्याला उठून आतल्या खोलीत जाऊन हसावं लागलं. पण मामांच्या येण्याच्या दिवशी बाबा इस्त्रीचा शर्ट घालू लागले होते, आणि लिफ्टचा आवाज आला की त्यांचं लक्ष दाराकडे जात होतं, हे मला दिसत होतं.

मग दोघे मिळून करोल बागेत जाऊ लागले. तिथे उलटंच झालं. बाबांचं हिंदी म्हणजे मराठीला नुसता 'है' जोडलेला. त्यांनी दुकानात "तुम्हारा चाय अच्छा है" म्हटलं, आणि मामांनी भर बाजारात थांबवून सांगितलं, "अच्छी, व्याहीजी, अच्छी." घरी आल्यावर बाबांनी ही गोष्ट मला स्वतःहून सांगितली. सांगताना ते किंचित हसले. मी ओट्याकडे तोंड करून भांडी विसळत राहिले, कारण वळले असते तर त्यांना माझे डोळे दिसले असते.

एका दुपारी बाहेर लू, म्हणजे उन्हाळ्यातला तापलेला वारा, वाहत होती, पडदे ओढलेले होते आणि दोघे पेले घेऊन बसले होते. बाबांनी विचारलं, की एका पेल्यासाठी हा एवढा खटाटोप तुम्ही कशासाठी करता. मला वाटलं, आता उकळण्याचं व्याख्यान होणार. पण मामांनी हातातला पेला खाली ठेवला.

"ही गेल्यावर सकाळी उठावंसंच वाटेना," ते म्हणाले. "कोणासाठी उठायचं? मग हे हाती लागलं. रात्री भिजत घातली, की सकाळी उठून गाळावीच लागते. नाही गाळली तर खराब होते."

बाबांनी पेला संपवला. कॉफी नापासही केली नाही. त्या संध्याकाळी ते स्वयंपाकघरात आले आणि एखादी मोकळी बरणी आहे का, असं त्यांनी विचारलं. मी दिली. फडकं दिलं. त्यांनी मोजूनमापून सगळं केलं आणि झाकण लावून बरणी फ्रीजमध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी मी उठून बाहेर आले, तर बाबा आमच्या आधी उठून अंघोळ करून ओट्यापाशी उभे होते आणि फडक्याची पुरचुंडी हळूहळू पिळत होते. मला पाहून म्हणाले, "तुझी आई असती तर हसली असती." आई गेल्यापासून त्यांनी तिचं नाव पहिल्यांदा काढलं होतं. आम्ही दोघं तिथेच उभ्याने ती कॉफी प्यायलो. वाईट होती. मी आणखी मागून घेतली.

पुढे बाबा म्हणाले, आता मी घरी जातो. थांबा म्हणण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांना घर आठवत होतं, आणि ही चांगली खूण होती. स्टेशनवर मामा आले होते. गाडी हलेपर्यंत दोघे खिडकीतून कॉफी किती जाड दळावी यावर वाद घालत होते, आणि गाडी हलल्यावर मामा थोडं अंतर तिच्याबरोबर चाललेही.

परतताना मी टॅक्सीने त्यांना मेट्रोपाशी सोडणार होते. गाडीत मला राहवेना. मी त्यांना म्हटलं, की मामा, तुम्ही माझे बाबा मला परत दिलेत, हे उपकार मी कसे फेडू. मामा मांडीवरच्या रिकाम्या पिशवीची घडी घालत होते.

"उपकार कसले, बेटा," ते म्हणाले. "तुझी मामी गेल्यापासून माझ्यावर कोणी रागावलंच नव्हतं. सगळे सांभाळून घेतात, म्हातारा आहे, एकटा आहे म्हणून. तुझे बाबा मात्र प्रत्येक भेटीत रागवायचे. फार बरं वाटायचं."

स्टेशन आलं. ते उतरले, रिकामी पिशवी काखेत मारली आणि गर्दीबरोबर जिना चढून गेले. बाबा आता पुण्यात बरे आहेत. मामाही येत असतात, पूर्वीसारखेच, चुकत चुकत बोलतात. कधीतरी त्यांच्यावर चांगलं खडसावून रागवायचं असं मी तेव्हाच ठरवलं होतं. दर वेळी ते दारात उभे राहिले की मी मनाशी तयारीही करते. पण त्यांचा चेहरा बघितला की रागच येत नाही, आणि ते मला अजून जमलेलं नाही.