अक्काच्या मोपेडचं बटन

आमच्याकडे तेव्हा कुठल्याही दुचाकीला बंडी म्हणत. शब्द तेलुगू, पण आदिलाबादकडच्या आमच्या जैनथच्या बाजारात मराठीवाले, हिंदीवाले सगळेच तो बिनदिक्कत वापरायचे. त्यामुळे माझ्या थोरल्या बहिणीच्या मोपेडचं नाव आपोआप ‘बाईची बंडी’ पडलं. बाई म्हणजे शाळेतल्या बाई. घरी आम्ही तिला अक्का म्हणायचो.

पैनगंगेकडच्या एका गावात मराठी माध्यमाची प्राथमिक शाळा होती, तिथे अक्का शिकवायची. घरापासून नऊ किलोमीटर. बस होती, पण ती शाळा भरल्यावर यायची आणि शाळा सुटायच्या आधी जायची. अक्काचा उजवा पाय लहानपणी पोलिओनं गेलेला. गुडघ्यावर हात दाबून ती चालायची, आणि चालताना कोणी आधार द्यायला आलं की त्याच्याकडे अशी बघायची की तो माणूस दोन पावलं मागे सरे. तिनं मोपेड घेतली तेव्हा घरात कोणाला विचारलं नाही. थेट दारात आणून उभी केली.

ती मोपेड म्हणजे इंजिन बसवलेली सायकलच. चालवायला अक्काला काही अडचण नव्हती, अडचण चालू करायची होती. गाडी स्टँडवर चढवायची, सीटवर बसून सायकलसारखे जोरजोरात पायडल मारायचे आणि इंजिननं पेट घेतला की उतरायचं. त्याला दोन धड पाय लागतात. अक्काचं पायडल अर्ध्यावर जाऊन थांबायचं. सकाळी घरून निघताना मी गाडी चालू करून द्यायचो. परत येताना ती काय करते, हे मी बरेच महिने विचारलंच नाही.

माझं जैनथला मोटर रिवायंडिंगचं दुकान होतं. शेतातल्या पाण्याच्या पंपांच्या मोटरी जळत, त्यातली काळी पडलेली तार काढून नवी गुंडाळायची, हा धंदा. अशीच एक मोटर बसवायला मी अक्काच्या शाळेच्या गावी गेलो होतो. परत निघालो तेव्हा शाळा सुटत होती, म्हणून सायकल लिंबाखाली लावली आणि अक्काची वाट बघत उभा राहिलो.

शाळेची भिंत आणि पटेलांचं अंगण लागूनच. निजामाच्या काळापासून गावची पटेलकी त्या घरात होती. पटेलकी गेली तरी लोक त्यांना पटेलच म्हणत. या घराशी आमचं जुनं नातं होतं, आणि ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, याच घरी सालगडी होते. सालगडी म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. पाडव्याला नवं साल ठरायचं. त्या दिवशी आबा अंगणात जाऊन उभे राहत. पटेल बाजेवर बसून बोलत, आणि बोलणं संपेपर्यंत आबा उन्हात उभेच. माझे वडील लहानपणी भाकरी घेऊन तिथे जात, त्यांनी हे डोळ्यांनी पाहिलेलं. पुढे वडील शिकले, मंडळ कार्यालयात कारकून झाले, आम्ही गाव सोडून जैनथला आलो. वडिलांनी, म्हणजे आमच्या दादांनी, आम्हाला एकच सांगून ठेवलं होतं. त्या अंगणात काही मागायला जायचं नाही. आणि ते सांगताना दर वेळी म्हणायचे, ‘त्यायनं आबाले कवा बस म्हटलं नाही.’

तर मी लिंबाखाली उभा होतो. अक्का शाळेतून बाहेर आली, मोपेडजवळ गेली आणि अंगणाकडे तोंड करून हाक मारली, “पटेल, या. बसा. बंडी चालू करा.”

बाजेवरून पटेल उठले. आबांचं साल ठरवणाऱ्याचा हा मुलगा, तेव्हा पंचावन्न-साठीचा असेल. त्यानं धोतराचा सोगा वर खोचला, अक्काच्या गाडीवर चढून बसला आणि पायडल मारायला लागला. चौथ्या झटक्याला इंजिन चालू झालं. खाली उतरताना तो हसत म्हणाला, “बाई, तुमच्या बंडीचा मी सालगडीच झालो पाहा आता!”

पारावरची माणसं हसली. अक्काही हसली.

माझ्या डोक्यात मात्र तिडीक गेली. माझं डोकं लवकर तापतं, हे माझी बायको आजही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, पण त्या दिवशी ते उगाच तापलं नव्हतं. सालगडी हा शब्द त्यानं गंमत म्हणून वापरला होता. आमच्या घरात त्या शब्दाची कोणी कधी गंमत केली नव्हती. तिथेच मनाशी ठरवून टाकलं की हिच्या गाडीला सेल्फ बसवायचा. बटन दाबलं की गाडी चालू. कोणाच्या अंगणाकडे तोंड करून हाक मारायला नको.

आदिलाबादच्या एका भंगारवाल्याकडे जुनी स्टार्टर मोटर मिळाली. कुठल्या गाडीची ते त्यालाही ठाऊक नव्हतं. आतली गुंडाळी जळलेली होती, ती मी नव्यानं भरली. मोपेडच्या पायडलशेजारी पट्टी वेल्डिंग करून मोटर बसवली, तिची चेन पायडलच्या दांड्याला जोडली आणि मध्ये सायकलचं फ्रीव्हील घातलं, म्हणजे इंजिन चालू झालं की मोटर मोकळी सुटेल. सीटखाली बारा व्होल्टची बॅटरी. हँडलवर लाल बटन.

बटन दाबलं तर मोटर उलटी फिरली.

आता पंपाची मोटर उलटी फिरली तर आमच्या धंद्यात कोणी विचार करत नाही. तीनपैकी दोन वायरी आपसांत बदलायच्या, मोटर सुलटी. हे काम मी झोपेतही केलं असतं. मी बॅटरीच्या दोन वायरी बदलल्या. मोटर उलटीच. परत बदलल्या. उलटीच. चार दिवस मी त्या दोन वायरी इकडच्या तिकडे आणि तिकडच्या इकडे करत होतो. पंपाची मोटर घेऊन आलेला एक कास्तकार बाकावर बसून हे बघत होता, तो शेवटी म्हणाला, “भाऊ, आमी आमच्या मोटरा दुसऱ्या गावी नेऊ का?” पाचव्या दिवशी डोक्यात उजेड पडला. ही बॅटरीवरची मोटर. बाहेरच्या वायरी बदलल्या की तिच्या आतलं सगळंच एकदम बदलतं, म्हणून ती फिरते तशीच फिरते. एकाच भागाच्या वायरी आतून बदलायला हव्या होत्या. बाहेरून कितीही उलटसुलट करा, काही होत नाही. मोटर उघडली, आतल्या दोन वायरी बदलल्या आणि ती गुमान सुलटी फिरली.

रविवारी सकाळी अक्काला दारात बोलावलं. तिनं बटन दाबलं. गाडी चालू. तिनं बंद केली, परत दाबलं, परत चालू. असं पाच-सहा वेळा केलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “हे त्वा केलं?” आणि पदरानं सीट पुसायला लागली. सीट स्वच्छच होती. मला इतका आनंद झाला की मी नुसता उभा राहिलो. माझ्या लग्नातही इतका झाला नव्हता, पण हे घरी कोणाला वाचून दाखवू नका.

एकच कटकट होती. मोपेडवर बॅटरी चार्ज होत नसे, दर तीन-चार दिवसांनी ती काढून दुकानात लावावी लागे. ते मी हौसेनं करायचो.

कापूस वेचणीच्या दिवसांत मी परत त्या गावी गेलो. याही वेळी शाळा सुटायला आली होती. म्हटलं, बघू या तरी, बटन दाबताना लोक कसे बघतात ते. अक्का बाहेर आली. मोपेडजवळ गेली. अंगणाकडे तोंड केलं.

“पटेल, या. बसा. मारा पायडल.”

आणि तो आला, धोतर खोचून गाडीवर बसला आणि पायडल मारायला लागला.

मी तिथे थांबलो नाही. सायकल हाणत नऊ किलोमीटर आलो. अक्काची मोपेड मला वाटेतच मागे टाकून गेली, तिनं हातही केला, मी मान वळवली नाही. घरी आलो तेव्हा ती चहा करत होती.

“बटन बिघडलं का?” मी विचारलं.

“नाही. चांगलं चालते.”

“मंग त्याच्या हातापाया काऊन पडतं?”

अक्कानं गॅस बारीक केला. “हातापाया? मी म्हणतो या, तो येते. मी म्हणतो मारा, तो मारते. याच्यात मागनं कुठं आलं?”

“दादांनी काय सांगतलं व्हतं?”

“सांगतलं व्हतं का त्यायनं आबाले कवा बस म्हटलं नाही,” अक्का म्हणाली. “म्हूनच. मी त्याले रोज बसा म्हणतो. त्याच्याच अंगणासमोर, माया गाडीवर.”

ती पुढे म्हणाली, “तुयं बटन माया लय कामाचं हाय. रस्त्यात गाडी बंद पडली तं आता कोणाची वाट पाहा लागत नाही. गावात येतानी इंजिन थंड व्हाले पुलापाशी उभी करतो, बटनावरच चालू करतो. पण तिथचं पायडल त्याचं. ते राहू दे.”

चहा घेतला, पण माझा राग काही गेला नाही. मी तिच्यासाठी सेल्फ बसवला असं समजत होतो. खरं तर तो मी माझ्या रागासाठी बसवला होता. तिला काय हवं ते मी विचारलंच नव्हतं, न विचारता आधार द्यायला येणाऱ्या लोकांसारखंच ते झालं. पण तिचं म्हणणंही मला पुरतं पटेना. एका माणसाला रोज गाडीवर बसवून आबांचं उभं राहणं कसं पुसलं जाणार? आणि त्या पटेलाला यातलं काही कळत तरी असेल का? तो आपला हसत पायडल मारतो, चार लोकांत मोठेपणा मिळवतो, एवढंच. मी असं स्वतःला सांगायचो आणि बॅटरी मात्र नेमानं चार्ज करून द्यायचो.

काही वर्षांनी अक्काची बदली आदिलाबादला झाली. तिथे तिनं खोली शाळेजवळच घेतली आणि मोपेड माझ्या दुकानाच्या कोपऱ्यात येऊन पडली. ती विकायचं कोणाच्या मनात आलं नाही.

एका दुपारी दुकानासमोर ऑटो थांबला. ऑटोवाल्यानं पंपाची जळलेली मोटर आत आणून ठेवली, आणि मागून काठी टेकत पटेल उतरले. खूप वाळले होते. गुडघे गेलेले दिसत होते. मी मोटर उघडली, आतली तार बघितली, चार दिवसांनी या म्हणून सांगितलं. ते काही जाईनात. कोपऱ्याकडे बघत होते.

“हे बाईची बंडी ना?”

“हो.”

“बटन चालते का अजून?”

मी पाना खाली ठेवला. “तुमाले बटन ठाऊक व्हतं?”

“डोये हायेत ना मले. पयल्याच दिवशी दिसलं. हँडलले लाल बटन, सीटखाली बॅटरी. पुलापाशी बाई गाडी चालू करे त्याचा आवाज बी ये मले सकायी.”

“मंग पायडल काऊन मारत होते?”

पटेलांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. “बाई बसा म्हणत,” ते म्हणाले. “तुया आजा पाडव्याले आमच्या अंगणात ये. उनात उभा राहे. माया बाप बाजेवर. मी बारका होतो, पाहे. मंग बाप गेला. त्याच्या मांगं दोन पाडवे म्या ठरवलं तुया आजाचं साल. म्या बी नाही म्हटलं बस. बाई बसा म्हणे तवा मले तो दिसे.”

मी खाली बघत तार सोलत राहिलो. हे ऐकून माझा राग विरघळला असं मी म्हणणार नाही. दोन पाडवे तो मोठा, कळता माणूस होता आणि तरी त्याला तोंड उघडता आलं नाही, हे मला त्याच क्षणी आणखी झोंबलं. पण अक्काला मी भोळी समजलो होतो आणि त्याला ठोंब्या, आणि त्या दोघांना रोज चार वाजता काय चाललंय ते पक्कं ठाऊक होतं. मीच तेवढा बाहेरच्या वायरी इकडच्या तिकडे करत बसलो होतो.

“कशी हाय बाई?” त्यांनी विचारलं.

“बरी हाय,” म्हणत मी मान वर केली. उन्हं दुकानाच्या पायरीपर्यंत आली होती. पटेल पायरीखाली, उन्हात, काठीवर भार देऊन उभे होते. ऑटोतून उतरले तेव्हापासून ते तिथेच उभे होते. मोटर उघडून झाली, तार बघून झाली, एवढं सगळं बोलणं झालं, आणि माझ्या शेजारचा बाक मोकळाच होता.

आबांचं उभं राहणं आणि हे उभं राहणं एक नाही, हे मला तेव्हाही कळत होतं, आजही कळतं. तरी माझी मान खाली गेली. मी बाकावरची तारेची भेंडोळी उचलून जमिनीवर टाकली.

“या,” मी म्हटलं, “वर या. बसा.”