हद्दीबाहेर दोन बोटं

मी औषधशास्त्राचा पदवीधर झालो तो माझ्या मोठ्या मामांमुळे, आणि त्या पदवीचा काडीचाही उपयोग जगात कुणाला झाला नसेल तर तोही माझ्या मोठ्या मामांनाच. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेल्याजवळच्या त्यांच्या गावी मामांनी मला ठेवून घेतलं, सायकलच्या दांड्यावर बसवून शाळेत पोचवलं आणि प्रत्येक परीक्षेच्या सकाळी ते माझ्या पाया पडले. मामानं भाच्याच्या पाया पडायची आमच्याकडे रीतच आहे. पण ती घरात पाळतात. मामा बसच्या पायरीशी वाकायचे. मागे माणसं खोळंबलेली, कंडक्टर ओरडतोय, आणि मामा जमिनीला डोकं टेकवूनच उत्तर देताहेत, "थांब ना बाप्पा, भाच्याच्या पाया पडून राह्यलो!"

मामा मोजणीच्या कचेरीत साखळी धरणारे होते. उभी हयात त्यांनी लोकांच्या शेतांच्या हद्दी कायम करण्यात घालवली, आणि त्यामुळे जगात दोनच गोष्टी खऱ्या असतात अशी त्यांची खात्री झाली होती : एक हद्द आणि दुसरं लेखी. घरच्या लग्नात मांडवाची एक बल्ली शेजाऱ्याच्या अंगणात हातभर गेली, तर त्यांनी वऱ्हाड दारात आलेलं असताना अख्खा मांडव सोडवला. "आज बल्ली शिरली, उद्या म्हैस शिरंल," म्हणाले. नवरदेव उन्हात घोड्यावर बसून राहिला. लेखीचंही तसंच. मामींनी बाजारातून वांगी आणायला सांगितलं की रिकामी पिशवी परत यायची. "तोंडी सांगतलं होतं तू. लेखी कुठं हाये?" मामींना लिहिता येत नव्हतं. शेवटी त्यांनी कागदावर कोळशानं एक वांगं काढून दिलं. त्या दिवशी वांगी आली. तो कागद तारीख घालून मामांनी ट्रंकेत ठेवला, सातबाऱ्यासारखा जपून.

अशा माणसाच्या कमरेला गजकर्ण झालं तेव्हा त्यानं काय करावं? त्यानं ते मोजलं. घट्ट पट्ट्याखाली, घामाच्या जागी, बंद्या रुपयाएवढं एक कडं उठलं होतं. मामांनी निळ्या बॉलपेननं त्याच्या काठाकाठानं रेघ मारली आणि मलम लावायचं ते बरोब्बर रेघेच्या आत. एक कणही बाहेर नाही. "मामा, रोग काठावरून पसरतो, बाहेरही लावा," मी म्हटलं, तर म्हणाले, "काऊन? हद्दीबाहेरच्याशी आपला काय संबंध?" आठवड्यानं कडं रेघ ओलांडून गेलेलं असे. मामा संतापत, अतिक्रमण झालं म्हणत आणि नवी रेघ मारत. पुढे कडी वाढली तेव्हा त्यांना मंडलांची, म्हणजे आमच्याकडच्या तालुक्यांची, नावं दिली गेली. डाव्या बाजूला तामसी, पाठीवर बाजारहत्नूर, आणि बेंबीजवळ अर्थातच बेला.

त्याच सुमारास आमच्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. मामांच्या काळजाला ते फार लागलं. ज्या शिवारांत त्यांनी साखळी ओढली होती ती परक्या जिल्ह्यात गेली. मी मंचेरियालच्या दवाखान्यात औषधं द्यायचं काम करत होतो. मी बसलेल्या खुर्चीवरून हललो नाही, तरी एका दिवसात परजिल्ह्याचा झालो. मामांनी वर अर्ज केला, त्याची पोच आली नाही. मला म्हणाले, "सरकारनं जिल्ह्याचे चार केले, अन् गजकर्णानं माह्या कमरेचे सात. दोघांनी बी मले इचारलं नाई." मी हसलो. आता त्या हसण्याची लाज वाटते.

कारण यातली एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. मामांच्या कमरेला पहिली ट्यूब मीच दिली होती.

कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या सुट्टीत मी गावी आलो होतो. चार इंग्रजी नावं पाठ झाली होती, तेवढ्यानं अंगात वारं शिरलं होतं. आदिलाबादच्या एका दुकानातून, कुणा डॉक्टरला न विचारता, मी तीन औषधं एकत्र असलेलं मलम आणलं. खोक्यावर ऐटीत लिहिलं : "सकाळ-संध्याकाळ लावणे." दोन दिवसांत खाज गेली. मामांनी गावभर सांगितलं, "भाचा डॉक्टरच्या वर हाये!" त्या मलमात स्टेरॉइड होतं. त्यानं खाज आणि लाली दबते, बुरशी मात्र खाली वाढतच राहते, हे मी पुढच्या वर्षी पुस्तकात वाचलं. तोवर मामांना खात्री पटली होती. खाज उठली की तीच ट्यूब, थांबली की बंद. उरलेली कोनाड्यात, पुढच्या वेळेसाठी. शेजारी आला तर त्यालाही बोटभर. वर्षं गेली. कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली, तिच्यावर लाल चरे पडले, आणि कडी छातीपर्यंत चढली.

मी त्यांना आदिलाबादला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी गोळ्या दिल्या, साधं बुरशीचं मलम दिलं, आणि विचारलं, "ही असली ट्यूब तुम्हाला कुणी दिली?" मामांनी पिशवीतून ते जुनं खोकं काढून टेबलावर ठेवलं. कडा झिजलेल्या, अक्षर माझं. "माह्या भाच्यानं. हा काय, बसला हाये. लेखी देल्लं हाये त्यानं." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाकडे पाहिलं. मामा तेवढे अभिमानानं हसत होते.

बाईंचं मलम त्यांनी नऊ दिवस लावलं. खाज थांबली, मोजणी संपली. मी फोनवर कितीदा सांगितलं, ओरडलो, रडकुंडीला आलो. उत्तर एकच. "अरे, तुवं लेखी हाये ना माह्याजवळ. बाईचं इंग्रजी हाये, वाचता येत नाई. तुवं वाचता येते."

मग मला मुलगी झाली. बारशाला मामा आले ते पूर्ण बाह्यांचा सदरा घालून, भर उन्हाळ्यात. भाच्याची मुलगी, तिच्या पाया पडण्याचा पहिला मान त्यांचा. पाळणा मांडलेल्या खोलीच्या दारात ते थांबले. खिशातून खडू काढला आणि उंबऱ्याशी जमिनीवर एक सरळ रेघ मारली. "ह्या रेघेच्या आत मी येत नाई. लेकराची कातडी कवळी असते."

"या हो मामा, काही होत नाही," कुणीतरी म्हणालं.

"हद्द म्हंजे हद्द," मामा म्हणाले. रेघेच्या अलीकडे गुडघे टेकून, पाळण्याच्या दिशेनं त्यांनी जमिनीला डोकं लावलं. बसच्या पायरीशी लावायचे तसंच. फक्त या वेळी समोर पाय नव्हते.

त्या संध्याकाळी मला कळलं की मी इतकी वर्षं तोंडीच का बोलत होतो. लेखी द्यायचं तर काय लिहावं लागेल, ते मला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी मी पत्र टाकलं. मामांच्या शिस्तीप्रमाणे नक्कल ठेवली आहे. पोच अजून आलेली नाही.

तीर्थरूप मामांना साष्टांग नमस्कार.

खोक्यावर मी लिहून दिलेला मजकूर या पत्रानं रद्द समजावा. तो लिहिला तेव्हा मला काही येत नव्हतं. तुमची कातडी माझ्या अक्षरानं गेली. चूक माझी, आणि ती लेखी देत आहे.

मामींना घेऊन बाईंकडे पुन्हा जावं. बाईंना खोकं आणि हे पत्र, दोन्ही दाखवावं. कोनाड्यातल्या ट्यूबा वापरू नयेत, कुणाला देऊही नयेत. बाई देतील तेच मलम, धुऊन कोरड्या पुसलेल्या अंगावर, पातळ लावावं. निळ्या रेघेच्या आत लावावं आणि बाहेर दोन बोटं लावावं. तिथं शेजाऱ्याची जमीन नाही मामा, सगळी तुमचीच आहे. मग हात धुवावेत. पंचा तुमचा एकट्याचा, रोज धुऊन उन्हात वाळवावा. खाज थांबली म्हणजे मोजणी संपली असं नाही. बाई संपली म्हणतील तेव्हा संपली.

दारातली खडूची रेघ मी कुणाला पुसू दिलेली नाही. ती ज्यानं आखली त्यानंच मोडायची आहे. पोरीचे पाय अजून तळहाताएवढेही नाहीत. लवकर बरे व्हा.

पोच द्यावी.

तुमचा भाचा