‘होय’ लिहिलेले फॉर्म

कोणत्या गावात हातपंप बसवायचे हे ठरवायला सरकारी कचेरीनं घरोघरचा सर्व्हे काढला, तेव्हा आम्ही कॉलेजातली पोरं रोजीवर फॉर्म भरत फिरलो. अल्लीपूरच्या पुढची गोंडांची वस्ती माझ्याकडे होती.

पुढे यादी लागली. त्या वस्तीचं नावच नाही. मी तोवर चळवळीत शिरलो होतो. नालवाडीतल्या खोलीत सायक्लोस्टाईलवर पत्रक काढलं: ‘आम्ही भरलेले फॉर्म कचेरीत बदलले. जबाब द्या.’ पत्रकं आणि वस्तीतली एक म्हातारी, दोन्ही घेऊन कचेरी गाठली.

कारकुनानं वाद घातला नाही. गठ्ठा सोडून माझ्यापुढं सारला.

“पाहून घ्या नेतेसाहेब. अक्षर कोनाचं आहे?”

अक्षर माझंच होतं. ‘पिण्याचे पाणी उपलब्ध आहे काय?’ प्रत्येक फॉर्मवर ‘होय’. एकही खाडाखोड नाही.

मग आठवलं. घरात टेकलो की आधी तांब्याभर पाणी पुढं यायचं. कोपऱ्यात भरलेली मडकी दिसायची. तो प्रश्न मी कोणाला विचारलाच नव्हता. पाणी पीत पीत ‘होय’ लिहीत गेलो होतो.

“आजी, पानी आनता कुठून तुमी?”

“नाल्याच्या वाळूत खड्डा केला हाये, झिरा. तिथून.”

“मंग मले तवा काऊन नाई सांगितलं?”

“तू इचारलं काऊन नाई? घरी आलेल्याले पानी देऊन राह्यलो, अन् त्यालेच सांगू का, पानी नाई म्हनून?”

“घ्या,” कारकून म्हणाला. “आता हे छापा पत्रकात.”

फॉर्म दुरुस्त करा म्हणालो, तर आकडे वर गेले होते. यादी त्यांच्यावरूनच ठरली होती. कारकून म्हणाला, तक्रार अर्ज द्या, पुढच्या यादीच्या वेळी पाहू. तक्रार कोणाविरुद्ध, तेही लिहा. मी पत्रकाच्या कोऱ्या पाठीवर अर्ज लिहिला आणि ‘कोणाविरुद्ध’च्या पुढं माझंच नाव घातलं. म्हातारीनं अंगठा दिला.

“झालं का मंग पंपाचं?”

“या उन्हाळ्यात नाई, आजी.”

“मंग झिराच हाये आमाले.” तिनं अंगठ्याची शाई लुगड्याला पुसली. “उद्या सकाळी येजो तू. पान्याचा एक गुंड उचलू लागजो.”

ती रागावली असती तर सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी गेलो. झिऱ्यातलं पाणी वाटीवाटीनं भरावं लागतं, आणि वाटी भरली की ते पुन्हा झिरपेपर्यंत बसून राहावं लागतं. एक गुंड भरायला किती वेळ लागतो, हे त्या फॉर्मात कुठंच विचारलेलं नव्हतं.