मुलांच्या मुतारीसमोरची खुर्ची

वाचकहो, सावरून बसा. अत्यंत गंभीर बाब जाहीर करायची आहे. आमच्या घाटकोपरच्या शाळेत, भर मधल्या सुट्टीत, पीटीच्या बाई मुलांच्या मुतारीसमोर खुर्ची टाकून बसल्या. गळ्यात शिट्टी, मांडीवर डबा. इमारतीला हादरा बसला. शिपाईमामा बादली तिथेच टाकून पळाले.

मी त्याच शाळेत मराठी शिकवते आणि गॅदरिंगची नाटकं बसवते, त्यामुळे रंगमंचावर प्रवेश कसा करावा हे मला कळतं. पण बाईंपुढे माझी डाळ शिजत नसे. बाई मूळच्या मालवणकडच्या. आवाज असा, की शाळेबाहेरच्या रिक्षा आपोआप थांबाव्यात. कुणीही भेटलं की त्यांचा पहिला प्रश्न, "पाणी प्यायलास?" मग तो पाचवीतला मुलगा असो की तपासणीला आलेले साहेब. साहेबांना "प्यायलात?" एवढाच काय तो मान.

त्या प्रश्नातूनच सगळं निघालं. नववीतला साहिल कवायतीत चक्कर येऊन खाली बसला. बाईंनी त्याची बाटली उचलली, तर काठोकाठ भरलेली. दुसऱ्या दिवशी पाहिली, तशीच.

"तहान लागत नाही तुला?"

"लागते."

"मग?"

बुटाच्या लेसशी खेळत तो म्हणाला, "प्यायलं की जावं लागतं, बाई."

आत काय चालायचं ते मग हळूहळू कळलं. साहिल बोलायचा हळू, बोलताना हात हलवायचा जरा जास्त. तेवढ्यावरून पोरांनी ठरवून टाकलं होतं, की हा मुलांवर लाइन मारतो. "मीठा आला रे, पँट सांभाळा!" मग दार बाहेरून धरून ठेवायचं, वरून पाणी ओतायचं. पुढाकार प्रथमेशचा, म्हणजे बाईंच्याच लाडक्या कबड्डी संघाच्या कप्तानाचा. साहिलने घरी शाळा सोडायचा हट्ट धरला होता. साकीनाक्याला लेथवर काम करणारे त्याचे वडील विचारत होते, का? ते 'का' घरी सांगायचं कसं?

बाईंनी विषय स्टाफरूममध्ये काढला.

"मुलं आहेत, मस्करी करतात," गणिताचे सर म्हणाले.

"त्यानंही जरा मुलासारखं वागावं ना," विज्ञानाच्या मॅडम म्हणाल्या.

मग कुणीतरी आवाज खाली आणून विचारलं, "पण तो खरंच... तसा आहे का?"

"असला तर?" बाई म्हणाल्या. "तसा असला तर त्याला लघवी लागत नाही?"

पुरुष शिक्षकांनी पाळीपाळीने सुट्टीत तिथे उभं राहावं, असं बाईंनी सुचवलं. आणि काय योगायोग! प्रत्येकाला नेमके त्याच वेळी पेपर तपासायचे होते. बाई उठल्या, बुडाखालची खुर्ची उचलली आणि रागावल्यावरच येणाऱ्या मालवणीत गरजल्या, "मगे मीच बसतलंय थंय!"

आता गंमत बघा. बाईंसमोरून एकही मुलगा आत जाईना! तासाला कुणाला बाहेर सोडायचं नाही, हा आमच्या शाळेचा जुना नियम. शेवटच्या तासाला नववीचे सगळे मुलगे पायात पाय अडकवून बसलेले, आणि मी नेमकी धबधब्याची कविता शिकवतेय.

शाळा सुटताच प्रथमेश बाणासारखा निघाला. बाईंनी जिन्यातच शिट्टी मारून त्याला अडवला. तो एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होता.

"बाई, सोडा ना, वाट लागलीय!"

"सुट्टीत का गेला नाहीस?"

"तुमच्यासमोरून? लाज वाटते, बाई."

"एका दिवसात ही तऱ्हा. साहिल जूनपासून असाच घरी जातोय. तुझ्यामुळे."

"मस्करी करतो आम्ही."

"तो हसला कधी?"

प्रथमेशने आठवून पाहिलं. खरंच आठवून पाहिलं, मी तिथेच उभी होते. मग नाही अशी मान हलवली आणि धावत सुटला.

मागे साहिल उभा. म्हणाला, "बाई, तुम्ही बसलात की मला पण जाता येत नाही."

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. दुसऱ्या दिवशी खुर्ची तिथेच, पण तोंड भिंतीकडे. "पाठ केलीय रे," त्यांनी जाहीर केलं. "कान उघडे आहेत." आतून 'मीठा' ऐकू आलं की शिट्टी वाजे. "फाउल! बाहेर ये." मग तो वीर उरलेली सुट्टी बाईंशेजारी, भिंतीचे पोपडे मोजत.

मुख्याध्यापकांनी बोलावलं. "बाई, पालक विचारतात. तुम्ही स्त्री आहात."

"जन्मापासून, सर. माझ्या जागी कोण बसतंय, सांगा."

कुणी नव्हतं. मात्र काही दिवसांनी गणिताचे सर आपली खुर्ची घेऊन शेजारी येऊन बसले. भिंतीकडे तोंड करून. पेपर तिथेच तपासू लागले.

प्रथमेशची आणि साहिलची मैत्री वगैरे झाली नाही. पण एकदा आत कुणीतरी सुरू केलं तेव्हा प्रथमेश खेकसला, "ए, गप! बाई बसल्यात." त्या दिवशी बाई रजेवर होत्या. ते त्याला ठाऊक होतं.

आता बाई निवृत्त होऊन गावी असतात. त्या भिंतीपाशी खुर्चीच्या पायांच्या खुणा तेवढ्या आहेत. निरोपाच्या दिवशी पोरांनी तीच खुर्ची फुलं लावून स्टेजवर नेली आणि सवयीने तिची पाठ आमच्याकडे करून ठेवली. मी फिरवायला धावले, तर बाई म्हणाल्या, "असू दे गं. मला रडताना बघायला नको कुणी." आणि बसल्या तशाच, पडद्याकडे तोंड करून.

मुख्याध्यापक बोलू लागले. बोलतच राहिले. 'न भरून निघणारी पोकळी' आली, हॉल निपचित झाला. आणि नववीच्या रांगेतून साहिल उठला. हातात रिकामी बाटली. ज्याचं बोलणं ऐकायला वाकावं लागायचं तो पोरगा, अख्ख्या शाळेसमोर, स्टेजवरच्या त्या पाठीपर्यंत जाईल अशा आवाजात ओरडला,

"सर, पोकळी नंतर, मला जोराची लागलीय!"