शास्त्रात ठेवलेल्या चिठ्ठ्या

घरात मोठा निर्णय असला की आई दोन चिठ्ठ्या पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये ठेवायची, प्रार्थना करायची आणि डोळे मिटून एक काढायची. निघेल ती प्रभूची इच्छा. दुसरी चिठ्ठी न उघडता चुलीत जायची. देवाने नाकारलेलं बघू नये, हा तिचा नियम. चर्चच्या पाळकसाहेबांना हा प्रकार पसंत नव्हता, म्हणून ती दार लावून करायची. तिचं अक्षर तिलाच लागत नसे, त्यामुळे चिठ्ठ्या लिहायचं काम माझं.

सत्तरच्या दशकातल्या दुष्काळात आमच्या मिशनने केम गावाजवळ मुलींचं वसतिगृह उघडलं. तिथे राहून शिकवायला बाई हवी होती. मी सोलापुरात मिशनच्या शाळेत शिकवत होते. पाळकसाहेबांनी मला विचारलं आणि रविवारपर्यंत उत्तर मागितलं.

मला जायचं नव्हतं. सोलापुरात दिवसाआड का होईना, नळाला पाणी येत होतं. गायनमंडळात मी पुढच्या रांगेत उभी राहायचे. जूनपासून मला चौथीचा वर्ग मिळणार होता. केमला विहिरी आटल्या होत्या.

शनिवारी सकाळी आईने चिठ्ठ्या लिहायला सांगितल्या. मी दोन्हींवर सोलापूर लिहिलं.

आईने एक काढली, अक्षरं जुळवत वाचली आणि कपाळाला लावली.

"माज्याबी मनात ह्येच हुतं की. म्हणून तर लई भ्या वाटत हुतं."

दुसरी चिठ्ठी चुलीत गेली. इथवर सगळं ठीक होतं. पण दुपारी आईने ठेवणीतलं लुगडं काढलं. दुसऱ्या दिवशी उपासनेत उभं राहून ती साक्ष देणार होती, की प्रभूने तिच्या मुलीला स्पष्ट उत्तर दिलं. माझं खोटं ती सगळ्या मंडळीसमोर देवाच्या नावावर सांगणार होती. मला ते झेपलं नाही. संध्याकाळी ती भाकरी थापत असताना मी सांगून टाकलं.

तिचा हात थांबला. "दोनीवर?"

"दोन्हीवर."

"शाणी हायस. देवाला येकच वाट ठेवलीस व्हय?"

मी म्हटलं, "आता नीट लिहिते. पुन्हा काढ."

"आता कशाला चिठ्ठी? केम निघंल म्हणून भ्यालीस, तवाच तुला ठावं हुतं कुटं जायचं ते. बस हितं, पीठ मळ."

मग तिने भाकऱ्या पातळ थापल्या आणि निखाऱ्यावर कडक करायला लावल्या. कडक भाकरी आमच्याकडे प्रवासाला देतात. आठवडाभर टिकते. मी पीठ मळत राहिले.

रविवारी ती चर्चमध्ये उभी राहिली ती घरातल्याच लुगड्यात. म्हणाली, "माजी लेक केमला चाललीया. तिची जायची विच्छा न्हाय. तिच्यासाठी प्रार्थना करा." आणि खाली बसली. मी मान वर केली नाही.

मंगळवारच्या पॅसेंजरने मी गेले. केमला नऊ वर्षं काढली. पहिली दोन वर्षं आवडलं नाही. पुढे पाणी, पोरींचे ताप, परीक्षा यांत आवडतं की नाही, हे बघायचं राहून गेलं.

आईने चिठ्ठ्या काढणं सोडलं नाही. लिहून घ्यायला मात्र शेजारच्या बाईंकडे जायची.